भोक झिजलंय की बोर्ड फुगलाय?

स्क्रू पिळावा तर तो नुसता गरगर फिरतो, धरत नाही. दार एका बाजूला कलतं, बिजागरी हलायला लागते. पार्टिकल बोर्डाचं कपाट असलेल्या घरात कधी ना कधी हे होतंच, आणि आपण लगेच म्हणतो, "भोक मोठं झालं." पण या एका लक्षणामागे दोन वेगळी दुखणी असू शकतात. एकात नुसतं भोक झिजलेलं असतं, बोर्ड धडधाकट असतो. दुसऱ्यात बोर्डच पाणी पिऊन फुगलेला असतो. आपल्याकडे गोव्यात जूनपासून चार महिने हवा ओलीचिंब, त्यामुळे हे दुसरं दुखणं आधी तपासलंच पाहिजे.

मी ते तपासलं नाही. चतुर्थी तोंडावर आली होती आणि आमच्या फोंड्याच्या घरात सिंकखालच्या कपाटाचं दार सुटलं. काड्यापेटीच्या काड्या भोकात कोंबल्या, फेव्हिकॉल ओतलं, स्क्रू पिळला. दार छान बसलं. पाचव्या दिवशी बिजागरी स्क्रूसकट हातात आली आणि स्क्रूभोवती सुपारीएवढा भुशाचा गोळा चिकटलेला. मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावलं. त्यांनी भोकाशेजारी खिळ्याचं टोक टेकवून अंगठ्याने दाबलं, तर खिळा लोण्यात जावा तसा आत गेला. "फुगलां हें," एवढंच म्हणाले. बेडरूमच्या कपाटाची बिजागरीही तेव्हा हलत होती. तिथं त्याच खिळ्याने पृष्ठभागावर नुसता ठिपका उमटला.

खिळ्याची ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, ती चुकवू नका. बाकीच्या खुणाही बघा. झिजलेल्या भोकातून निघालेला स्क्रू स्वच्छ असतो, आट्यांत कोरडा बारीक भुसा अडकलेला असतो, भोक थोडं लांबट झालेलं दिसतं. फुगलेल्या बोर्डातून निघालेल्या स्क्रूवर गंजाचा तांबूस थर असतो, भोकाच्या तोंडाशी उंचवटा आलेला असतो, कडेची पट्टी सुटायला लागलेली असते. मोजपट्टीने जाडी मोजली की शंकाच राहत नाही. १८ मिमीचा बोर्ड त्या जागी १९–२० भरला तर तो फुगलेला आहे.

तो वाळवून पूर्ववत होत नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद, उष्णता देऊन प्रचंड दाबाखाली बसवलेला. स्वस्त बोर्डात हा गोंद बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो आणि त्याला ओलाव्याचं वावडं. पाणी शिरलं की दाबलेले कण पसरतात, त्यांच्यातली पकड सुटते. पुढे पाणी वाळतं, पण सुटलेली पकड परत येत नाही. आता अशा जागी काड्या आणि गोंद घालून काय होणार? गोंद भुशाला धरतो, पण भुसाच बोर्डाला धरून नसतो.

झिजण्याचं कारण वेगळं. दाराचं वजन रोज त्याच स्क्रूवर येतं, घर बदलताना कपाट दोन-तीनदा उघडून जोडलं जातं, किंवा कोणी ड्रिलने स्क्रू गच्च पिळतो आणि आतले आटे एका झटक्यात भुगा होतात. म्हणून पार्टिकल बोर्डात शेवटचे वेढे हातानेच द्यावेत. जुन्या भोकात स्क्रू परत घालताना आधी तो हलकेच उलटा फिरवा. बारीकसा 'टक्' लागतो, तेव्हा स्क्रू जुन्या आट्यात उतरलेला असतो. मग सुलटा फिरवा. एवढ्यानेही भोकं कितीतरी जास्त टिकतात.

भोक थोडंच सैल असेल तर ६ नंबरऐवजी ८ नंबरचा, म्हणजे जरा जाड, स्क्रू चालतो, फक्त त्याचं डोकं बिजागरीच्या खाचेत नीट बसतंय ना ते बघा. लांबी वाढवताना १८ मिमीतून टोक पलीकडे निघणार नाही याची काळजी घ्या. पांढरा गोंद आणि बांबूच्या काड्या (टूथपिक, नाहीतर अगरबत्तीची मसाला नसलेली काडी) हलक्या दाराला पुरतात. जड दाराला मी डॉवेलच, म्हणजे लाकडी खुंटीच, घालीन. सैल भुसा झटकून ८ मिमीच्या ड्रिलने भोक साफ करा. ड्रिलच्या पात्याला १३ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. गोंद भोकाच्या भिंतींना पातळच लावा, कारण त्यातही पाणी असतं. खुंटी ठोकून वरचा भाग सपाट कापा. एरवी एक दिवस पुरतो, पावसात मी दोन दिवस हात लावत नाही. मग मधोमध २ मिमीचं भोक पाडून स्क्रू हाताने बसवा. बोर्डाच्या कडेत मात्र ८ मिमीची खुंटी घालताना दोन्ही बाजूंना जेमतेम ५ मिमी उरतात, तिथं हातोडी हलकी चालवा.

फुगलेल्या बोर्डात आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. सिंकचा गळका पाइप, फरशी पुसताना कपाटाच्या पायाला लागणारं पाणी, किंवा चिऱ्याच्या भिंतीतून येणारी ओल. ते थांबल्याशिवाय दुरुस्तीला अर्थ नाही. मग बिजागरी चांगल्या बोर्डावर सरकवा. तेवढी जागा नसेल तर मऊ भाग घट्ट बोर्ड लागेपर्यंत खरवडून काढा आणि तिथं ७१० ग्रेडच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचा तुकडा इपॉक्सीने चिकटवा. बाहेरून दिसलं तरी चालणार असेल तर आरपार बोल्ट, पलीकडून मोठा वॉशर आणि नट. अख्खी फळीच मऊ असेल तर ती बदलायची, तिच्यावर पैसे घालू नयेत.

आमच्या सिंकखाली पाइपचा वॉशर बदलला, कपाटाच्या पायांना प्लॅस्टिकचे बुश लावले आणि बिजागरी चार बोटं वर घेतली. जुनी भोकं एम-सीलने बुजवली आहेत. त्यानंतर एक पावसाळा गेला, दार सरळ लागतं.