चेपलेल्या मणक्याची कळ आणि तिच्यावरचे उपाय

गोव्यातील सत्तरी-डिचोलीकडच्या घरांत म्हातारपणी पाठीला येणारा पोक वयाचाच भाग मानला जाई, आणि कळशी उचलताना पाठीत अचानक उठलेली कळ ‘वात’ समजून तेल चोळून व शेक देऊन सोसली जाई. या समजुतीला परंपरेचा आधारही होता. सुश्रुतसंहितेत अस्थिक्षयाच्या, म्हणजे हाडांच्या झिजेच्या, लक्षणांत हाडांतील शूळ सांगितला आहे. आधुनिक वैद्यकाच्या मते मात्र हाड विरळ होत असताना सहसा दुखत नाही. दुखतो तो ठिसूळ होऊन चेपलेला मणका, आणि पुढे पाठीला बाक आला की ताणलेले स्नायू.

१९४१ साली अमेरिकेतील डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी पाळी गेल्यानंतरच्या अस्थिविरलतेचा (हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा, ऑस्टिओपोरोसिसचा) संबंध इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या अभावाशी जोडला. तेव्हापासून १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, हाडांची झीज रोखणाऱ्या अ‍ॅलेन्ड्रोनेटपर्यंतची प्रमुख औषधे पुढचा अस्थिभंग टाळण्यासाठी होती. आजची कळ त्यांनी लगेच थांबत नाही, आणि म्हणूनच अनेकजण ती मध्येच सोडतात. सामन माशापासूनचे कॅल्सिटोनिन हे संप्रेरक ताज्या अस्थिभंगाची वेदना कमी करी. परंतु दीर्घकाळ वापरल्यास कर्करोगाचा धोका किंचित वाढत असल्याचे दिसल्यावर २०१२ पासून युरोपात त्याच्या वापरावर मर्यादा आल्या.

मणक्यात सुईने हाडांसाठीचे वैद्यकीय सिमेंट भरण्याची युक्ती १९८४ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम योजली गेली, तीही ठिसूळ हाडासाठी नव्हे, तर मानेच्या मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. पुढे ती जगभर पसरली. २००९ मध्ये मात्र दोन चाचण्यांत काही रुग्णांवर सिमेंट न भरता केवळ लटकी प्रक्रिया झाली. खरी वाटावी म्हणून सिमेंटचा वासही खोलीत दरवळू दिला गेला, आणि दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला. कळ मुळातच काही आठवड्यांत ओसरू लागते, हे लक्षात घेतले तर त्यात फारसे नवल नाही. सहा आठवड्यांच्या आतील तीव्र दुखण्यात सिमेंटचा उपयोग होतो की नाही, हा वाद त्यानंतरही चालू राहिला.

जुन्या काळी अशा रुग्णाला दीर्घकाळ निजवून ठेवत. आता पॅरासिटामॉल, गरजेपुरती विश्रांती, थोडे दिवस पाठीला आधाराचा पट्टा आणि लवकर चालणे यांवर भर असतो, कारण अंथरुणाला खिळल्याने हाड आणखी विरळ होते. गोव्यातल्या घरांत आजारी म्हातारीला उठू न देणे ही माया समजली जाते, त्यामुळे हा बदल घरच्यांना पटवणे औषध देण्यापेक्षा अवघड जाते. आणि क्ष-किरण तपासणी होण्याआधी पाठ जोराने रगडणे तर टाळलेच पाहिजे, कारण चेपलेला मणका त्याने अधिक दबू शकतो.