एनआयएल आणि महसूलवाटा: पैसा कोणाच्या खिशातून येतो?

अमुक विद्यापीठाने तमुक क्वार्टरबॅकला (अमेरिकन फुटबॉलमधील आक्रमणाच्या सूत्रधाराला) इतक्या लाख डॉलरचे ‘एनआयएल’ देऊ केले, अशी वाक्ये अमेरिकी कॉलेज खेळांविषयी आता इतक्या सर्रास लिहिली जातात की ती कोणाला खटकतही नाहीत. मला दर वेळी खटकतात, कारण त्यांत एनआयएल आणि महसूलवाटा हे दोन निरनिराळे व्यवहार एकाच नावाखाली कोंबलेले असतात. शिष्यवृत्तीविषयी येथे लिहीत नाही. शुल्क, निवास, जेवण आणि पुस्तकांची ती सोय बहुतेकांना ठाऊक आहे.

एनआयएल म्हणजे खेळाडूने आपले नाव, छबी आणि ओळख त्रयस्थाला वापरू देऊन मिळवलेले पैसे. आयोवा विद्यापीठाकडून खेळत असतानाच बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कने स्टेट फार्म या विमा कंपनीशी जाहिरातीचा करार केला, हे त्याचे निर्भेळ उदाहरण होय: पैसे कंपनीचे, करार खेळाडूचा. ही मुभा 1 जुलै 2021 पासून मिळाली. ती सर्वोच्च न्यायालयाने दिली, असे बिनदिक्कत ठोकून देणाऱ्यांनी निकाल वाचलेला नसतो. त्याच वर्षी जूनमध्ये लागलेला, खेळाडूंनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेविरुद्ध लढवलेल्या ऑल्स्टन खटल्याचा एकमुखी निकाल शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता. एनआयएलचे दार उघडले ते कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केलेल्या आणि इतर राज्यांनी गिरवलेल्या कायद्यांच्या रेट्याने.

महसूलवाटा ही त्यानंतरची गोष्ट. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 6 जून 2025 रोजी खेळाडूंनीच एनसीएएविरुद्ध भरलेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोड मंजूर केली आणि 1 जुलैपासून विद्यापीठांना आपल्या तिजोरीतून खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी मिळाली. 2025-26 साठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे, आणि ती प्रक्षेपण हक्क, तिकिटे, प्रायोजकत्व अशा ठरावीक उत्पन्नांवरून काढलेली आहे. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर बीसीसीआयचे मानधन वेगळे आणि बॅटवरच्या स्टिकरचे पैसे वेगळे. (त्याच तडजोडीतील सुमारे 280 कोटी डॉलर हे आधीच्या खेळाडूंची भरपाई आहे, त्याचा या मर्यादेशी संबंध नाही.)

इतके सरळ असताना घोळ का होतो? पहिले कारण विद्यापीठांनीच निर्माण केले आहे. खेळण्याबद्दल पैसे दिले असे कागदावर आले, तर खेळाडू कर्मचारी ठरण्याची भीती असते, आणि मग किमान वेतनापासून कामगार संघटनेपर्यंत सगळेच दारात उभे राहते. म्हणून महसूलवाट्याचे करार सहसा असे लिहिले जातात, की विद्यापीठ खेळाडूकडून त्याचे नाव आणि छबी वापरण्याचा परवाना विकत घेत आहे. म्हणजे कागदावर एनआयएल, पैसा मात्र विद्यापीठाचा आणि मर्यादेत मोजला जाणारा. जून 2025 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने मायामी विद्यापीठावर खटला भरला, तो असा करार केलेल्या खेळाडूला फोडल्याच्या आरोपावरून. मला ही शब्दयोजना शुद्ध पळवाट वाटते, आणि वार्ताहरांनी तरी ती जशीच्या तशी उचलू नये.

दुसरे कारण ‘कलेक्टिव्ह’. विद्यापीठाच्या धनिक चाहत्यांनी पैसे गोळा करून स्थापन केलेल्या या संस्था नावाला त्रयस्थ होत्या, पण एखाद्या किरकोळ कार्यक्रमातील उपस्थितीच्या मोबदल्यात त्या खेळाडूला प्रत्यक्षात संघात येण्याचीच किंमत मोजत. आता 600 डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचा त्रयस्थांशी झालेला प्रत्येक करार डेलॉइट या लेखापरीक्षण कंपनीने चालवलेल्या ‘एनआयएल गो’ या प्रणालीत नोंदवावा लागतो. विद्यापीठाशी लागेबांधे असलेल्यांच्या करारामागे खरा व्यावसायिक हेतू आहे का आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का, हे कॉलेज स्पोर्ट्स कमिशन तपासते. ही संस्था एनसीएएहून वेगळी आहे, हेही अनेक जण विसरतात. खरी मेख अशी, की त्रयस्थांच्या करारांना एकूण मर्यादाच नाही. त्यामुळे ज्या विद्यापीठाचा वाटा वाटून संपला, त्याला उरलेली रक्कम प्रायोजकांकरवी खेळाडूपर्यंत पोहोचवण्याचा मोह होणारच, आणि नियमपालनाची खरी झटापट याच सीमेवर चालू आहे.

‘हाउस’ तडजोडीने शिष्यवृत्त्यांच्या कमाल संख्येऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली, हा बदल त्या मानाने समजायला सोपा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये पूर्वी 85 शिष्यवृत्त्या होत्या, आता 105 खेळाडू.

आपल्याकडून तिकडे खेळायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी मात्र एफ-1 या विद्यार्थी व्हिसाची अट आधी वाचावी. त्या व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिरातीचे काम करणे अनधिकृत रोजगार ठरू शकते. केंटकी विद्यापीठाचा काँगोत जन्मलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर चिब्वे याने 2022 मध्ये आपली अशी कामे संघ बहामाजच्या दौऱ्यावर असताना उरकली, ती याच अडचणीमुळे.