डोळे मिटलेत म्हणून मेलेलाच असं नाही

पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सचा प्लास्टरचा चेहरा दिसला आणि डोळे मिटलेले असले, की लोक त्याला ‘डेथ मास्क’, म्हणजे मेलेल्याच्या चेहऱ्यावरून घेतलेला ठसा, म्हणून मोकळे होतात. पण असा ठसा जित्याजागत्या माणसाचाही घेत. डोळे दोघांचेही मिटलेलेच. ओलं प्लास्टर अंगावर येताना ते उघडे कोण ठेवील?

जिवंत माणसाचा ठसा कसा घ्यायचा, ते चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहून ठेवलंय. चेहऱ्याला तेल चोळायचं, उताणं निजवायचं, श्वासासाठी नाकपुड्यांत पितळेच्या किंवा चांदीच्या नळ्या बसवायच्या, मग प्लास्टर. राजा किंवा पोप असेल तर ते कोमट गुलाबपाण्यात कालवायचं. बाकीच्यांना विहिरीचं, नदीचं कोमट पाणी चालतं. (मानपान इथेही सुटला नाही!)

मोडलेल्या हाताला प्लास्टर घातलेल्यांना ठाऊक असेल, ते घट्ट होताना तापतं. वर ओझं, समोर अंधार. माणूस पापण्या आवळतो, ओठ दाबून धरतो आणि तो ताण ठशात उतरतो. नळ्यांपाशी राहिलेली उणीव शिल्पकाराला नंतर हाताने भरून काढावी लागते.

मृताला नळ्या लागत नाहीत. आडवं निजल्यावर गाल दोघांचेही कानांकडे सरकतात, पण मृताच्या चेहऱ्यात त्यांना धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. डोळे खोबणीत जातात, नाक वर काढल्यासारखं दिसतं. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट बांधणारा ब्रुनेलेस्की १४४६ साली वारला, त्याचा असा ठसा त्याच कॅथेड्रलच्या संग्रहालयात आहे. तिथल्याच पलाझ्झो वेक्कियो या जुन्या राजवाड्यातला कवी दान्तेचा प्रसिद्ध ‘मृत्युमुखवटा’ मात्र यातला नव्हेच. तो नंतर कुणीतरी घडवलेला चेहरा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

माझ्या मते सगळ्यांत बोलका ठसा फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या लोरेन्झो दे मेदिचीचा. तो ८ एप्रिल १४९२ रोजी गेला; ठसा आज फ्लॉरेन्समधल्याच पित्ती राजवाड्यात आहे. रुंद जिवणी, जड जबडा आणि बसकं, वाकडं नाक. एखाद्या दरबारी चित्रकाराने ते हळूच सरळ केलं असतं. त्या नाकाला वास येत नसे, हे त्याच्या काळच्या लोकांनीच नोंदवलंय. म्हणजे जिवंतपणी ठसा घेतला असता, तरी चेन्निनीचं गुलाबपाणी वायाच गेलं असतं.