सायकलचे रिम ब्रेक : सुधारित ब्रेकची निवड (कोल्हापूर परिसर)

चाकाच्या रिमवर दोन्ही बाजूंनी रबरी गुटके दाबून सायकल थांबवणाऱ्या यंत्रणेला रिम ब्रेक म्हणतात. हँडलवरचा लिव्हर ओढला की वायरीतून ताण कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना गुटके धरणाऱ्या चिमटीपर्यंत, पोहोचतो, कॅलिपरचे दोन हात जवळ येतात आणि गुटके रिमला घासतात. या गुटक्यांना दुकानात ‘ब्रेक रबर’ म्हणतात. सायकलीबरोबर आलेले ब्रेक काढून त्यांच्या जागी जास्त पकड देणारे, न लवचणारे आणि पावसात भरवशाचे ब्रेक बसवणे म्हणजे ब्रेक सुधारणे. बहुतेक जण हे काम कॅलिपर बदलून सुरू करतात. खरे तर रिम, रबर, वायर, लिव्हर आणि मग कॅलिपर असा क्रम धरला तर निम्म्या सायकलींना नवा कॅलिपर लागतच नाही.

कोल्हापूर शहरात फिरताना साधा ब्रेकही पुरतो. रंकाळ्याभोवतीची फेरी किंवा गंगावेशीतून महाद्वार रोडपर्यंतची धावपळ यांत ब्रेकची परीक्षा लागत नाही. ती लागते शहराबाहेर. वायव्येला सुमारे २० किमीवर पन्हाळा, त्याच्या अलीकडे जोतिबाचा डोंगर, पश्चिमेकडे आंबा घाट, गगनबावड्याहून कोकणात उतरणारे करूळ आणि भुईबावडा घाट, राधानगरीकडून फोंडा घाट. रविवारी सकाळी शिवाजी पूल ओलांडून केर्ली-वाघबीळच्या दिशेने निघालेल्या सायकली दिसतात, त्यांना येताना हा सगळा उतार ब्रेकवर पेलायचा असतो. जून ते सप्टेंबर हा उतार ओला असतो, आणि गगनबावडा तर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा तालुका.

उतारावर ब्रेक किती काम करतो याचा हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर १०० मीटर उंची उतरताना सुमारे ८३,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. हवेचा अडथळा सोडला तर तेवढ्या उष्णतेत पाव लिटर पाण्याला उकळी येईल. ही सारी उष्णता रबर आणि रिम यांच्यातून बाहेर पडते. स्वार सतत हलका ब्रेक धरून उतरला तर रिम तापत जाते, ट्यूबमधली हवा फुगते आणि रबराचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. वळणाआधी जोरात ब्रेक लावून वेग मोडणे आणि मधल्या सरळ पट्ट्यात ब्रेक सोडून हवा लागू देणे हीच घाट उतरण्याची योग्य रीत. कितीही महाग ब्रेक घेतला तरी ही रीत बदलत नाही.

रिम

ओल्या रस्त्यावर ब्रेक लागत नाही या तक्रारीचे मूळ बहुधा क्रोम मुलामा दिलेल्या लोखंडी रिममध्ये असते. कोरडी असताना ती ठीक धरते. भिजली की रबराची पकड कोरड्याच्या एक-दशांशापर्यंत घसरू शकते. ॲल्युमिनियमच्या रिमवरही पाण्याने पकड कमी होते, पण चाकाच्या काही फेऱ्यांत रबर पाणी पुसून काढते आणि ब्रेक धरू लागतो. म्हणून लोखंडी रिमच्या सायकलीला हजारांचा कॅलिपर बसवणे हा पैशाचा अपव्यय आहे. त्याच पैशात पुढचे चाक ॲल्युमिनियम रिमवर बांधून घ्यावे. सगळे पैसे एकदम नसतील तर आधी पुढचेच. जोरात थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होऊन घसरू लागते, आणि थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेककडूनच मिळते. घसरण्याच्या धास्तीने नुसता मागचा ब्रेक दाबणाऱ्यांना थांबायला दुप्पट अंतर लागते.

जुन्या डबलबार सायकलींची गोष्ट वेगळी. त्यांचा रॉड ब्रेक गुटके वर ओढून रिमच्या आतल्या, म्हणजे तारांकडच्या, पृष्ठभागावर दाबतो. त्या रिमची बाजू गोलसर असते, तिला कॅलिपरच्या रबराला टेकायला सपाट भिंतच नसते. त्यामुळे अशा सायकलीला कॅलिपर लावायचा तर रिमही बदलावी लागते, आणि तिथे मापाचा पेच येतो. २८ × १½ मापाच्या चाकाचा टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास ६३५ मिमी, तर बाजारात सहज मिळणाऱ्या ७००सी रिमचा ६२२ मिमी. म्हणजे ब्रेक लागायची जागा साडेसहा मिलिमीटर खाली सरकते आणि कॅलिपरचे हात तेवढे लांब लागतात. जुन्या २७ इंची (६३० मिमी) रेसिंग सायकलीत हाच फरक ४ मिमीचा.

रिम झिजते हेही लक्षात ठेवावे. ॲल्युमिनियम रिमच्या बाजूला झिजेची खूण म्हणून खोबण किंवा बारीक खळगा असतो, तो पुसला गेला की रिमचे आयुष्य संपले. खूण नसेल तर पट्टीची कड रिमच्या बाजूवर टेकवावी. मधे फट दिसली, भिंत आत दबली असेल, तर नव्या ब्रेकचा विचार बाजूला ठेवून आधी रिम बदलावी. पातळ झालेली भिंत टायरच्या हवेने फुटते, आणि उतारावर फुटली तर सावरायला वेळ मिळत नाही. चाकाला आऊट असेल, म्हणजे फिरताना ते डावी-उजवीकडे हलत असेल, तर तोही आधी काढून घ्यावा, कारण डगमगत्या रिमवर रबर जवळ आणून ठेवताच येत नाही.

रबर आणि वायर

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जाणवणारी सुधारणा रबराची. सायकलीबरोबर येणारे रबर बहुधा कडक असते, ते टिकते पण धरत नाही. कूल-स्टॉप कंपनीचे लालसर तपकिरी ‘सॅमन’ रबर ओल्या रिमसाठी नावाजलेले आहे, शिमानोचे चांगल्या श्रेणीचे रबरही कामाचे. कार्बनच्या रिमला तिचेच खास रबर लागते. ॲल्युमिनियमवर वापरलेले रबर तिथे कधीही लावू नये, त्यात रुतलेले धातूचे कण कार्बन ओरबाडतात.

आंबा-गगनबावड्याकडच्या जांभ्या दगडाच्या लाल चिखलाने रबर झपाट्याने खाल्ले जाते. पावसाळी फेरीनंतर चाक उतरवून रबर उलटे करून पाहावे. चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर ते रिममधून निघालेले ॲल्युमिनियम. सुईच्या टोकाने ते एकेक उकरून काढावे आणि पृष्ठभागावर पॉलिश पेपर फिरवावा. पाच मिनिटांचे हे काम टाळले की ते ठिपके रिमवर गोल चरे पाडत राहतात.

वायरीकडे फार थोडे लोक पाहतात. गंजलेल्या वायरीत हाताचा बराचसा जोर घर्षणातच संपतो. स्टेनलेस वायर आणि आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेले आवरण घातले की जुनाच कॅलिपर हलका चालू लागतो. ब्रेकच्या आवरणात गोल गुंडाळलेली पट्टी असते. गिअरच्या आवरणात उभ्या तारा असतात आणि त्या ब्रेकचा ताण सोसत नाहीत, जोरात दाबल्यावर आवरण फाटू शकते. दुकानात आवरण संपले म्हणून गिअरचे लावू द्यायचे नाही, याबाबत ठाम राहावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेच्या पाण्याखाली गेलेल्या सायकलींसारखी ज्यांची अवस्था झाली असेल, त्यांच्या वायरी आणि आवरणे सरळ फेकून द्यावीत. आत बसलेला गाळ धुऊन निघत नाही.

कॅलिपर की व्ही-ब्रेक

इथे निवड फारशी आपल्या हातात नसते. सायकलचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) काय मान्य करतो त्यावर ती ठरते. चिमट्याच्या माथ्यावर एकच भोक असेल तर कॅलिपर. चिमट्याच्या दोन्ही पायांवर खुंट्या असतील तर त्यांवर फिरणाऱ्या दोन सुट्या हातांचा व्ही-ब्रेक किंवा त्याच धाटणीचा जुना कँटिलिव्हर. आपल्याकडे दुकानदार व्ही-ब्रेकला सर्रास ‘पॉवर ब्रेक’ म्हणतात. शिमानोने तो १९९६ च्या सुमारास ‘व्ही-ब्रेक’ या नावाने बाजारात आणला आणि डोंगरी सायकलींतून जुना कँटिलिव्हर मागे पडला. लांब हातांमुळे त्यात जोर भरपूर मिळतो आणि रुंद टायरही मावतो. खुंट्या नसलेल्या चिमट्यावर त्या वेल्डिंग करून देणारे उद्यमनगरात सापडतील, पण पातळ नळीला लागलेली आच आणि मिलिमीटरभर चुकलेली जागा दोन्ही घातक ठरतात. ॲल्युमिनियमच्या किंवा सस्पेन्शनच्या चिमट्यावर तर हा प्रयोग करूच नये. खुंट्या असलेला चिमटाच बदलून घेणे शहाणपणाचे.

कॅलिपरमध्ये एका बोल्टवर दोन्ही हात फिरणारा सिंगल पिव्होट आणि दोन वेगळ्या बिंदूंवर फिरणारा ड्युअल पिव्होट असे प्रकार. सुधारणा करायची तर ड्युअल पिव्होटच घ्यावा. त्याला जोर जास्त असतो आणि तो एका बाजूला कलून रिमला घासत बसत नाही. माप मात्र आधी घ्यावे. चाक चिमट्यात नीट बसवून बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या बाजूच्या मध्यापर्यंत उभे अंतर मोजायचे. ते ३९ ते ४९ मिमी आले तर साधा रेसिंग कॅलिपर, ४७ ते ५७ आले तर लांब हाताचा. त्याहून जास्त असेल तर टेक्ट्रोचा आर५५९ सारखा ५५ ते ७३ मिमी पोहोचणारा. हात जितके लांब तितके ते लवचतात आणि जोर घटतो, म्हणून बसेल त्यांतला सर्वांत आखूड निवडावा. बोल्टला मागून साधा नट लागतो की चिमट्याच्या आत जाणारा ॲलन कीचा लांब नट, हेही पाहून जावे. जुन्या चिमट्याचे मागचे भोक नव्या नटासाठी अरुंद पडते.

स्वस्त डोंगरी सायकलींवरचे व्ही-ब्रेक पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकमिश्रित असतात. लिव्हर दाबून धरला की त्यांचे हात वाकताना डोळ्यांनी दिसतात. ॲल्युमिनियमचे ठोस हात असलेला शिमानो किंवा टेक्ट्रोचा मधल्या किमतीचा संच यावर पुरेसा आहे. त्याच्या वरच्या श्रेणीत पैसे बहुतांशी वजन कमी करण्याचे असतात. तोच खर्च रबरावर करावा.

लिव्हरची जोडी

व्ही-ब्रेकला कॅलिपरच्या जवळपास दुप्पट वायर ओढावी लागते, म्हणून दोघांचे लिव्हर वेगळे. कॅलिपरचा लिव्हर व्ही-ब्रेकला जोडला तर सुरुवातीला ब्रेक फार जोरदार वाटतो, पण रबर थोडे झिजले की लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. उलट जोडीत लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि पकड येत नाही. दुकानात दोन्ही लिव्हर सारखेच दिसतात, तेव्हा लिव्हर ज्या पिनवर फिरतो तिथपासून वायरीची गोळी बसते तिथपर्यंतचे अंतर मोजावे. ते ३० मिमी किंवा जास्त असेल तर तो व्ही-ब्रेकचा, २० मिमीच्या आसपास असेल तर कॅलिपरचा. वाकड्या रेसिंग हँडलवर व्ही-ब्रेक हवाच असेल तर आखूड हातांचा मिनी-व्ही मिळतो, मात्र त्यात टायरला जागा कमी उरते. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो; बसवताना बाजू बदलू नये, घरात दुसरे कोणी सायकल चालवत असेल तर मुळीच नाही.

बसवणी

रबर टायरला लागता कामा नये आणि रिमखाली घसरताही कामा नये. कॅलिपरचे हात वरून फिरतात, आणि काही कॅलिपरमध्ये रबर झिजत गेले की ते टायरकडे चढू शकते. म्हणून ते रिमवर किंचित खालच्या बाजूला बसवावे. व्ही-ब्रेकचे हात खालून फिरतात आणि रबर झिजताना तारांकडे उतरते. तिथे ते किंचित वर ठेवावे. रिमपासूनचे अंतर दोन्ही बाजूंना एक ते दोन मिमी. ब्रेक किंचाळत असेल तर रबराचे पुढचे टोक मागच्यापेक्षा अर्धा ते एक मिमी आधी टेकेल असे वळवावे. रबर बदलता येणाऱ्या खोळीची एक बाजू बंद असते, ती चाक फिरण्याच्या दिशेला, म्हणजे पुढे यावी. उलटी बसवली तर जोरात ब्रेक लावताक्षणी रबर खोळीतून निसटून बाहेर पडते.

रिमला तेल लागले तर सारा खर्च वाया जातो. चेनवर तेलाचा फवारा मारताना मागच्या रिमवर कापड धरावे, आणि तेल उडालेच तर रिम साबणाच्या पाण्याने धुऊन रबर घासून घ्यावे. नवे रबर पहिल्या दिवशी पूर्ण धरत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगात पुढचा-मागचा ब्रेक मिळून दहा-पंधरा वेळा थांबून ते रिमवर बसवून घ्यावे, बोल्ट पुन्हा आवळावेत आणि वायर ताणून सैल झाली असेल तर ॲडजस्टरने ओढून घ्यावी. पन्हाळ्याचा उतार त्यानंतर.

कोकणात उतरणारे घाट भर पावसात नेहमी करणाऱ्याने, किंवा कॅरिअरवर जड सामान नेणाऱ्याने, नवी सायकल घेतानाच डिस्क ब्रेकची, म्हणजे रिमऐवजी चाकाच्या मध्यावरच्या तबकडीला पकडणाऱ्या ब्रेकची, घ्यावी. जुन्या फ्रेमला डिस्क लावायची सोय बहुधा नसते, आणि ती करून घेण्यात सायकलीच्या किमतीएवढा खर्च होतो. ॲल्युमिनियमची रिम आणि चांगले रबर लावलेली रिम ब्रेकची सायकल पन्हाळा-जोतिबाच्या फेऱ्यांना बाराही महिने चालते.