चालू मशीनमधून डिस्क काढायची कशी, घालायची कशी

आमच्याकडून समोर ट्रे असलेलं लिनक्स मशीन ज्यांनी घेतलंय त्यांच्यासाठी हे. फोन येतात ते दोनच प्रकारचे, एक "डिस्क घातली पण दिसत नाही" आणि दुसरा "डिस्क काढली आणि आता फाइली उघडत नाहीयेत". पहिलं बहुतेक वेळा फोनवरच सुटतं. दुसरं कधीकधी सुटतच नाही, म्हणून आधी काढण्याबद्दल सांगतो.

खटका दाबला की ट्रे बाहेर येतो, त्यामुळे वाटतं कधीही काढा. साटाची (डिस्क मशीनला जोडायच्या पद्धतीचं हे नाव) पिनपट्टी बनवलीच आहे तशी, नीट बघितलंत तर काही पिना बाकीच्यांपेक्षा लांब दिसतील, त्या ग्राउंडच्या, त्या आधी टेकतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात, म्हणून ठिणगी वगैरे उडत नाही. पण हे झालं करंटचं. डेटाचं वेगळं आहे. लिनक्स तुमची फाइल आधी रॅममध्ये घेतो आणि मग सवडीने डिस्कवर लिहितो, म्हणजे स्क्रीनवर कॉपी संपल्याचं दिसलं तरी आत लिखाण चालूच असू शकतं, आणि तेवढ्यात तुम्ही ट्रे ओढलात तर लग्नाचे अर्धे फोटो गेले म्हणून समजा.

तर आधी डिस्क अनमाउंट करायची, म्हणजे लिनक्सला त्या डिस्कवरच्या फाइलींचा वापर बंद करायला लावायचा. "बिझी आहे" असं आलं तर जबरदस्ती करू नका, कुठलातरी टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडा असतो किंवा फोटोचं सॉफ्टवेअर मागे चालू असतं, ते शोधून बंद करा. मग कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचं की ही डिस्क आता आपल्या यादीतून काढ, त्यासाठीची डिलीटची कमांड मशीनच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर जशीच्या तशी छापली आहे. नाव ऐकून घाबरू नका, त्याने डेटा जात नाही, कर्नल फक्त उरलंसुरलं लिहून डिस्क सोडून देतो. मग दहा-पंधरा सेकंद थांबा, आतली प्लेट फिरायची थांबू दे, आणि मगच ट्रे ओढा. फाइल मॅनेजरमधला इजेक्टचा बाण बऱ्याचदा फक्त अनमाउंट करतो, डिस्क फिरतच राहते, तेवढ्यावर भागवू नका.

आणि हो, कमांड देण्याआधी डिस्क बरोबर निवडली ना ते बघा. लिनक्स डिस्कांना देतो ती एसडीबी, एसडीसी ही नावं कायमची नसतात, आज एसडीबी असलेली उद्या एसडीसी होते. म्हणून प्रत्येक ट्रेवर आम्ही डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहून देतो, एलएसबीएलके या डिस्कांची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये सीरियलचा रकाना मागवून ते जुळवा. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून एकच म्हणून चालवणं) असेल तर एमडीएडीएमला, म्हणजे रेड सांभाळणाऱ्या कमांडला, आधी ती डिस्क फेल आणि मग रिमूव्ह म्हणून सांगायचं, नवीन घालून अ‍ॅड करायचं, आणि रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) पूर्ण झालेलं दिसेपर्यंत दुसऱ्या ट्रेला हातसुद्धा लावायचा नाही. (रेड म्हणजे बॅकअप नाही, हे बिलावर पण छापायचा विचार आहे.)

आता घातलेली डिस्क दिसत नसेल तर. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) दोन गोष्टी लागतात, साटा एएचसीआय नावाच्या मोडमध्ये हवा आणि त्या पोर्टचं हॉट प्लग, म्हणजे चालू मशीनमध्ये डिस्क घालायची सोय, चालू हवं. मशीन देताना आम्ही दोन्ही करूनच देतो, पण बोर्डावरचा बटणसेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातो आणि हॉट प्लग परत बंद होतं. तारीख-वेळ चुकीची दाखवत असेल तर आधी सेलच बदला, स्वस्तात सुटाल.

दुसरं कारण आम्हालाही सापडायला वेळ लागला. एका ग्राहकाने वीज वाचवायला टीएलपी नावाचं सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्याने साटाची लिंक झोपवली आणि रिकाम्या पोर्टात डिस्क घातल्याचं मशीनला कळेचना. लिंकची पॉवर पॉलिसी मॅक्स परफॉर्मन्स केली की झालं. तातडी असेल तर स्टिकरवरची रीस्कॅनची कमांड द्या, त्यात तीन डॅश आहेत आणि मधे स्पेस आहे, ती स्पेस विसरू नका.

नवीन मोठी डिस्क फिरतच नसेल तर ती खराब आहे असं लगेच धरू नका. काही नव्या डिस्कांत तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते, जुन्या पॉवर सप्लायवर हे होतं. आमच्याकडे घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे, पैसे घेत नाही.

शेवटचं एक, ट्रेमधली डिस्क एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल) स्वतः घालणार असाल तर यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने, घाला आणि नोफेल (डिस्क नसली तरी पुढे चल) असं लिहा, नाहीतर ट्रे रिकामा असताना मशीन चालू केलं की दीड मिनिट डिस्कची वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं.