सिग्नल तोडला तर ऊन, रस्सा जमला तर आपला हात

मे महिना, नागपूरचा व्हरायटी चौक, दुपारी ४५ डिग्री, लाल लाइट असूनही मी गाडी काढली कारण डोकं तापलं होतं अन् समोर कुत्रंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच एकानं केलं तर माझ्या तोंडून निघालं, काय बे, लोकांना शिस्तच नाही!

याला कोणी ॲक्टर-ऑब्झर्व्हर बायस (करणारा अन् बघणारा यांच्या नजरेतला फरक) म्हणतं, कोणी सेल्फ-सर्व्हिंग बायस (आपल्या सोयीचा अर्थ लावणं), अन् दोन्ही एकच समजून मोकळे होतात. तिथेच घोळ आहे.

पहिला मांडला जोन्स आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी, १९७१ मध्ये. त्यांचं म्हणणं, स्वतः काही करत असतो तेव्हा आपल्याला आजूबाजूचं दिसतं, म्हणजे ऊन, घाई वगैरे, अन् दुसरा करतो तेव्हा फक्त तो माणूस दिसतो. यात लबाडी काही नाही, बघायची जागाच वेगळी. स्टॉर्म्स नावाच्या संशोधकानं १९७३ मध्ये लोकांना गप्पा मारायला लावून त्यांचाच व्हिडिओ समोरच्याच्या बाजूनं दाखवला, तर ते आपल्या वागण्याचं कारण स्वतःच्या स्वभावात जास्त शोधायला लागले.

दुसऱ्यात मात्र इगो आहे. बिघडलं तर परिस्थिती, जमलं तर मी.

आता सिग्नलच्या उदाहरणात हे दोन वेगळे करताच येत नाहीत, कारण गोष्ट वाईट आहे अन् दोन्हीचं उत्तर सेम येतं. चांगली गोष्ट घेऊन पाहा ना. घरी सावजी रस्सा केला अन् पाहुणे बोटं चाटत बसले, तर पहिल्या बायसप्रमाणे मी म्हणायला पाहिजे की मटण चांगलं मिळालं, मसाला ताजा होता. कोण म्हणतं असं, बाप्पा! आपण म्हणतो, हात आहे आपला. अन् शेजाऱ्याचा जमला की, मसाला कुठून आणला हो?

माले नावाच्या संशोधकानं २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र तपासले तर ॲक्टर-ऑब्झर्व्हरचा फरक सरासरीत जवळपास शून्य निघाला. वाईट गोष्टीत तो दिसतो, चांगल्या गोष्टीत उलटा होतो. म्हणजे ज्याला आपण नजरेचा कोन म्हणून राहिलो त्यात इगोच जास्त आहे, असं मला तरी वाटतं.

बाकी माझा ई-चालान आला परवा, फोटोसकट. फोटोत ऊन दिसत नाही, घाई दिसत नाही, लाल लाइटमधून जाणारा एक माणूस तेवढा दिसतो. बायकोला म्हटलं, फोटोचा अँगलच चुकीचा आहे.