४०० गुल्डनची चाकरी आणि १०४ सिम्फनी

अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडन याच्या सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचना, आज क्रमांकाने ओळखल्या जातात. १ ते १०४, शिवाय या मोजणीबाहेरच्या सुरुवातीच्या काळातल्या आणखी दोन. एका माणसाने एवढ्या लिहिल्या कशा, हा प्रश्न पडतोच. प्रतिभा तर होतीच, पण माझ्या मते उत्तराची सुरुवात एका नोकरीच्या करारात सापडते.

१ मे १७६१ रोजी एस्टरहाझी या हंगेरीतल्या अतिश्रीमंत सरदार घराण्याने २९ वर्षांच्या हायडनला उपसंगीतप्रमुख म्हणून ठेवून घेतले. पगार वर्षाला ४०० गुल्डन, हे तिथले त्या काळचे चलन. करारातली कलमे आज वाचवत नाहीत. रोज दुपारच्या आधी आणि नंतर मालकांच्या दालनाबाहेर हजर राहून संगीताचा हुकूम आहे का ते विचारायचे. पायात पांढरे मोजे, केसांना पावडर. वादकांची भांडणे मिटवायची, वाद्यांची निगा राखायची. जे लिहाल ते मालकांचे. त्याची नक्कल बाहेर द्यायची नाही आणि परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी लिहायचे नाही.

हायडनने सही केली, कारण मोकळेपणातली उपासमार त्याने पाहिली होती. रोराउ गावात गाड्यांची चाके बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. गोड गळ्यामुळे तो लहानपणीच व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायकवृंदात आला आणि वयात येताना आवाज फुटला तसा बाहेर पडला. मग माळ्यावरची खोली, शिकवण्या, रस्त्यावरचे वादन. निकोला पोर्पोरा या इटालियन संगीतकाराकडे तर त्याने घरगड्याची कामे करत रचनेचे धडे घेतले. पुढे काउंट मोर्त्सिनकडे पहिली बरी नोकरी मिळाली आणि तिथेच त्याने पहिल्या सिम्फनी लिहिल्या. पण काउंटचे पैसे संपले आणि वाद्यवृंदही मोडला.

त्या काळी सिम्फनीला आजचा मान नव्हता. इटालियन ऑपेराचा पडदा उघडण्यापूर्वी वाजणाऱ्या द्रुत-विलंबित-द्रुत अशा तीन भागांच्या तुकड्यातून ती निघाली. मिलानमध्ये सम्मार्तिनी आणि जर्मनीतल्या मानहाइममध्ये श्टामित्स या संगीतकारांनी तिला स्वतंत्र उभे केले, मिन्युएट या नृत्याचा भागही येऊन मिळाला आणि तीनाचे चार भाग झाले. तरीही मैफलीच्या सुरुवातीला वाजवायची चीज, एवढेच तिचे स्थान होते. ते बदलायला हायडनला हाताशी रोजचा वाद्यवृंद हवा होता आणि एस्टरहाझींकडे तो होता. सुरुवातीला जेमतेम पंधराएक वादक, पण कसलेले. १७६१ मधल्याच ‘सकाळ’, ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ या तीन सिम्फनी (क्र. ६, ७, ८) ऐकाव्यात. जवळजवळ प्रत्येक वादकाला त्यांत एकट्याने चमकण्याची जागा आहे. नवा प्रमुख आपल्या माणसांशी ओळख करून घेतो आहे, असेच वाटते.

१७६२ मध्ये निकोलाउस हा नवा प्रिन्स गादीवर आला. त्याने दलदलीच्या प्रदेशात एस्टरहाझा हा भव्य राजवाडा उठवला आणि वर्षातले कितीतरी महिने तो तिथेच राहू लागला. बहुतेक वादकांना बायकामुले सोबत आणायची परवानगी नव्हती. ती तिकडे आयझेनश्टाटला, एस्टरहाझींच्या जुन्या ठाण्याच्या गावी. १७७२ मध्ये हा मुक्काम फारच लांबला, तेव्हा वादकांनी हायडनकडे गाऱ्हाणे नेले. त्याने अर्ज केला नाही, सिम्फनी लिहिली: क्र. ४५, ‘निरोप’. तिची स्वरपट्टीच, एफ शार्प मायनर, त्या काळी इतकी विरळा होती की हॉर्न या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यासाठी खास नळ्या करवून घ्याव्या लागल्या. शेवटचा भाग वेगात धावता धावता थांबतो, संथ सूर सुरू होतात आणि एकेक वादक आपले वादन संपवून मेणबत्ती विझवून उठून जातो. उरतात फक्त दोन व्हायोलिन, आवाज दाबलेली. हायडनच्या पहिल्या चरित्रकारांनी नोंदवले आहे की प्रिन्सला मर्म कळले आणि मुक्काम हलला. चाकराने धन्याला काही सांगावे ते असे! वादक त्याला ‘पापा’ म्हणत, यात नवल नाही.

म्हातारपणी हायडनने सांगितले होते की आपण जगापासून तुटलेले होतो, गोंधळात टाकणारे कोणी जवळ नव्हते, वाद्यवृंद हाती असल्याने काय परिणाम करते ते करून पाहता आले आणि त्यामुळे स्वतंत्र होण्यावाचून गत्यंतरच उरले नाही. सिम्फनीचा इतिहास समजून घ्यायला याहून मोलाची साक्ष मला माहीत नाही.

१७७९ च्या नव्या करारातून बाहेर संगीत विकण्यावरची बंदी गेली. मग पॅरिसच्या मागणीवरून सहा सिम्फनी (क्र. ८२ ते ८७) झाल्या. सप्टेंबर १७९० मध्ये निकोलाउस वारला. वारसाला संगीतात रस नव्हता, त्याने वाद्यवृंद बरखास्त केला. हायडनला निवृत्तिवेतन मिळाले आणि वयाच्या ५८व्या वर्षी मोकळीक. लंडनचा मैफल-आयोजक योहान पेटर सालोमोन त्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि १ जानेवारी १७९१ ला हायडन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला.

इथे ऐकणारा एक धनी नव्हता, तिकीट काढून आलेले शेकडो लोक होते. वादक चाळिसाच्या आसपास. स्पर्धाही होती: १७९२ मध्ये प्रतिस्पर्धी मैफलीत त्याचाच शिष्य प्लेयेल होता. त्याच मोसमातली क्र. ९४. तिच्या संथ भागात, सगळे मृदू चालले असताना, अचानक अख्खा वाद्यवृंद दणकतो. झोपलेल्यांना उठवायला हे केले, अशी आख्यायिका आहे. हायडनने ती नाकारली. त्याला काहीतरी नवे देऊन लंडनवर छाप पाडायची होती.

दोन दौऱ्यांसाठी बारा सिम्फनी झाल्या. शेवटची, क्र. १०४, ४ मे १७९५ रोजी लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये, जिची कमाई त्यालाच मिळणार होती अशा मैफलीत वाजली, साठेक वादकांसह. त्यानंतर त्याने सिम्फनी लिहिली नाही. त्या रात्रीची कमाई त्याने वहीत टिपून ठेवली: ४,००० गुल्डन. आणि पुढे लिहिले, असे फक्त इंग्लंडमध्येच घडू शकते.